पान कुठलं ते विचारू नका

‘ओव्हरफुल एच-बॉक्स, ७.३८ पॉइंट टू वाइड, इन पॅरॅग्राफ अ‍ॅट लाइन्स ११२ ते ११८.’ सुरतेत इच्छानाथला सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे किंवा तशा कुठल्याही संस्थेत गणिताचा प्रबंध लिहिणाऱ्याला हे वाक्य रोज रात्री भेटतं. प्रबंध लाटेकमध्ये जुळवला जातो आणि लाटेकच्या पोटातलं टेक नावाचं यंत्र प्रत्येक वेळी आपण काय काय केलं याची एक लांबलचक नोंद मागे सोडतं. तिला लॉग म्हणतात. वरच्या वाक्याचा अर्थ साधा आहे: एक ओळ समासात घुसली आहे, अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त. हे कळल्यावर शहाण्या माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, कुठल्या पानावर? लॉगमध्ये ओळ किती बाहेर आली ते दशांश चिन्हानंतर पाच-पाच आकड्यांपर्यंत लिहिलेलं असतं, टंक कुठला ते असतं, बिघडलेल्या ओळीतले शब्दसुद्धा असतात. पान मात्र नसतं. ११२ ते ११८ या ओळी छापील पानावरच्या असतील म्हणून पानं मोजायला बसणाऱ्याची पहाट होते. त्या ओळी आपण टंकलेल्या फाइलमधल्या असतात, आणि त्या फाइलला पानं नावाची गोष्टच ठाऊक नसते.

यावर पहिली प्रतिक्रिया अशी की हे यंत्र मूर्ख असावं. ती टिकत नाही. टेक लांबी ज्या एककात मोजतं ते एक पॉइंटाचा ६५,५३६ वा भाग आहे, म्हणजे साधारण साडेपाच नॅनोमीटर. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची एक लहर घेतली तर तिच्यात अशी शंभरेक एककं मावतात. हे मोजमाप टेकचे कर्ते डोनाल्ड क्नूथ यांनी जाणूनबुजून इतकं बारीक ठेवलं, म्हणजे बेरजांमधली चूक साचत साचत डोळ्याला दिसेल इतकी कधीच होऊ नये. मोठ्या बाजूला मर्यादा आहे: १६,३८४ पॉइंटांहून जरा कमी, मीटरमध्ये सांगायचं तर पावणेसहा. सुरतेतल्या माणसाला हा आकडा ऐकून बरं वाटेल, कारण हल्लीची साडेपाच मीटरची साडी टेकमध्ये आडवी अंथरता येते. नऊवारी येत नाही. सव्वाआठ मीटर म्हटलं की यंत्र ‘डायमेन्शन टू लार्ज’ म्हणून थांबतं. तेव्हा ज्ञान नाही, हिशेब कच्चा आहे, असं कुणी म्हणू नये. प्रकाशाच्या लहरीचे तुकडे मोजणारं यंत्र पानाचा आकडा सांगत नसेल, तर त्याला कारण असलं पाहिजे, आणि ते कारण शोधल्याशिवाय त्याला शिव्या देणं अन्यायाचं आहे. कारण सापडल्यावर द्यायला हरकत नाही.

कारण सुरतेतच समजावून घ्यावं, कारण ते इथे रिंग रोडवर ढीगभर पडलेलं आहे. मागावरून उतरतो तो तागा. साड्या उतरत नाहीत. विणताना कुठे धागा तुटला, कुठे गाठ आली, तर विणकर सांगू शकतो की अमक्या बॉबिनच्या सुमारास गडबड झाली. ती गडबड कुठल्या साडीच्या पदरावर येणार, हे त्याला विचारणं चूक, कारण साडी अजून कापलेलीच नाही. टेक नेमकं असंच काम करतं. एक परिच्छेद संपला की त्याच्या ओळी पाडतं आणि त्या एका उभ्या, न संपणाऱ्या पट्टीला खाली जोडत जातं. ओळ बाहेर आली हे ओळ पाडतानाच कळतं, आणि ते तिथल्या तिथे लॉगमध्ये लिहिलं जातं. पान कुठे कापायचं हे ठरायला मात्र पट्टीवर एका पानाहून जास्त माल जमावा लागतो. मग मागे वळून कुठे कापलं तर कमी वाईट दिसेल याचा हिशेब होतो, पान बाहेर पडतं, आणि तेव्हा कुठे लॉगमध्ये चौकटी कंसात १४ असा आकडा उमटतो. त्यामुळे १४ च्या आधी लिहिलेली तक्रार चौदाव्या पानाची असेल किंवा पंधराव्याची. जो परिच्छेद दोन पानांत विभागला गेला त्याच्याबद्दल तर लॉग वाचून काहीच ठरत नाही. चित्रं आणि तक्ते यांना लाटेक ‘तरंगते’ मानतं, म्हणजे जागा मिळेल तिथे पुढे सरकवतं. तेव्हा चित्राखालच्या मजकुराची तक्रार नवव्या पानाच्या आसपास नोंदलेली आणि चित्र बाराव्यावर, हे नित्याचं आहे.

एका प्रकारची तक्रार मात्र पानाच्या अगदी वेळी येते, आणि तिथे तरी पत्ता मिळेल अशी आशा वाटते. ‘अंडरफुल व्ही-बॉक्स, बॅडनेस १००००, हॅज ऑकर्ड व्हाइल आउटपुट इज अ‍ॅक्टिव्ह.’ म्हणजे पान भरायला मजकूर पुरला नाही, मधल्या फटी ताणाव्या लागल्या, आणि हे पान बांधण्याचं काम सुरू असताना घडलं. इथे फाइलमधल्या ओळीचा आकडासुद्धा नाही. असता तरी उपयोग नव्हता, कारण पान बांधताना यंत्र फाइलमध्ये कितीतरी पुढे पोचलेलं असतं. वाईटपणाचं माप शून्यापासून दहा हजारांपर्यंत जातं, आणि दहा हजार म्हणजे क्नूथ यांच्या हिशेबात अनंत. अनंत वाईट घडलं, कुठे ते लिहिलेलं नाही, आणि पान डोळ्यासमोर धरलं तर परिच्छेदांमध्ये एखाद-दोन मिलिमीटरचं जास्तीचं अंतर आहे, इतकंच. अनंताची किंमत इतकी खाली आणणारं दुसरं लिखाण दाखवता येणार नाही. राजकीय पत्रकांचा अपवाद सोडून.

आता फाइलचा प्रश्न. प्रबंधाचं प्रकरण एका फाइलमध्ये असतं आणि सात प्रकरणं सात फाइलींत. ११२ व्या ओळीवर म्हणजे कुठल्या फाइलच्या ११२ व्या ओळीवर? लॉगमध्ये याचं उत्तर आहे, पण ते कंसांत आहे. फाइल उघडली की गोल कंस उघडतो आणि तिचं नाव लिहिलं जातं, फाइल संपली की कंस बंद होतो. मधल्या सगळ्या पूरक फाइलीही त्याच पद्धतीने येतात आणि जातात. तेव्हा तक्रार कुठल्या फाइलची हे कळायला तक्रारीपासून मागे जात, उघडलेले आणि बंद झालेले कंस जुळवत जावं लागतं. पण लॉग ओळी ७९ अक्षरांवर मोडतो, मग मोडताना फाइलचं नाव मधोमध तुटलं तरी त्याला पर्वा नाही. मध्येच एखाद्या पूरक फाइलच्या लेखकाने आपल्या संदेशात हसऱ्या चेहऱ्याचा उजवा कंस टाकला असेल, तर हिशेबातून एक फाइल अकाली बंद होते. इतक्या काटेकोर यंत्राचा पत्ता एका हसऱ्या चेहऱ्याने चुकतो, याला आपण हसावं की नाही, हे लेखकाच्या चेहऱ्याला विचारावं लागेल.

ज्यांना याहून खोल जायचं असतं त्यांच्यासाठी टेकमध्ये शो-बॉक्स नावाची आज्ञा आहे. ती दिली की यंत्र पानाचं पोट फाडून दाखवतं. मोठ्या चौकटीत लहान चौकट, तिच्यात आणखी लहान, आणि खोली दाखवायला सुरुवातीला ठिपके: एक ठिपका, दोन, तीन. प्रत्येक चौकटीची उंची, खोली आणि रुंदी दिलेली. पडद्यावर मात्र उद्गारचिन्हासह एवढंच येतं: ‘ओके, सी द ट्रान्सक्रिप्ट फाइल.’ ठीक आहे म्हणायचं आणि तेही चुकीच्या खुणेने म्हणायचं, असं करणारं यंत्र बघून आपलं माणूसपण सुखावतं. लॉग उघडला की दिसतं की ठरलेल्या मर्यादेपलीकडचे घटक दाखवलेले नाहीत, त्यांच्याऐवजी ‘इत्यादी’ या अर्थाचा शब्द आहे. नोंदवहीत इत्यादी लिहिण्याची ही परंपरा आपल्याकडे ओळखीची आहे. मर्यादा वाढवून पुन्हा चालवलं की खरी मजा सुरू होते. दहाव्या शब्दाची जागा कुठे, हे काढायचं असेल तर त्याच्या आधीच्या सगळ्यांची बेरीज करावी लागते. शब्दांमधल्या फटीबद्दल लिहिलेलं असतं: मुळात ३.३३३३३, ताणता येईल १.६६६६६, आवळता येईल १.१११११. खरी फट यापैकी कुठलीच नाही. वर त्या ओळीच्या चौकटीवर ‘ग्लू सेट ०.४’ लिहिलेलं असतं, ते १.६६६६६ ला गुणायचं आणि ३.३३३३३ मध्ये मिळवायचं, मग फट चार पॉइंटांची निघते. इथपर्यंत आलेला माणूस उत्साहाने अक्षरांच्या रुंदीकडे वळतो, आणि तिथे आकडाच नसतो. प्रत्येक अक्षरासमोर टंकाचं नाव आणि अक्षर, बस. रुंदी टंकाच्या दुसऱ्या फाइलमध्ये आहे, ती तिकडे जाऊन पाहायची. पानावरची जागा सांगण्यासाठी जे जे लागतं त्यातलं जवळजवळ सगळं लॉगमध्ये आहे, फक्त बेरीज नाही आणि बेरजेतला सर्वात मोठा भाग नाही.

सुरतेत छपाईच्या नोंदी इतक्या दुर्बोध कधीच नव्हत्या. भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीचे इथले दलाल. नागरी वळणाच्या लिपीत जुने ग्रंथ छापायचे त्यांच्या मनात होतं, म्हणून त्यांनी कंपनीकडून मुद्रक मागवला, आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला उतरला. पुढचं सगळं सुरतेच्या वखारीच्या आणि लंडनच्या पत्रव्यवहारात आहे. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणकलेवरच्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात तो नीट मांडला आहे. पत्रांतून कारण एका वाक्यात कळतं: माणूस खिळे जुळवणारा होता, खिळे पाडणारा नव्हता. काम कुठे अडलं, कुणामुळे, कशासाठी, हे तीनशे वर्षांनीही वाचता येतं. भीमजींच्या माणसांनी स्वतः खटपट करून बनियांच्या अक्षरांत काही कागद छापून दाखवले, ते वाचता येण्याजोगे झाले, पण खर्च आणि वेळ पाहून हुरूप येत नाही, असाही अहवाल वखारीने धाडला. तो अहवाल इंग्रजी व्यापाऱ्यांनी लिहिला होता आणि त्यात वाईटपणाचा आकडा दिलेला नव्हता. तरी अर्थ लागतो. शिवाजी महाराजांनी छापखाना मिळवला आणि तो भीमजींना विकला अशी एक दंतकथा याच संदर्भात सांगितली जाते. तिला कागदाचा आधार मिळालेला नाही. भीमजींच्या माणसांनी छापलेला एकही कागद आज हाती नाही, अहवाल मात्र आहे. कामापेक्षा नोंद टिकते हा नियम सुरतेने टेकच्या तीनशे वर्षं आधी पाळून दाखवला.

पुढे १८४२ मध्ये दुर्गाराम मेहताजींनी सुरतेत शिळाप्रेस आणला. आपल्या मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग त्या काळात इथेच शिकवत होते, आणि १८४४ मध्ये या मंडळींनी मिळून मानवधर्म सभा काढली, हे मराठी वाचकाला लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिळाप्रेसमध्ये लिहिणाऱ्याचा हात जिथे जाईल तिथे अक्षर. ओळ संपत आली की तो डोळ्याने पाहतो, शेवटचे दोन शब्द जरा आवळतो, काना थोडा जवळ ओढतो. मजकूर पानावर कुठे आहे हे विचारायची गरज पडत नाही, कारण तो स्वतःच तिथे बसवलेला असतो. खिळ्यांचंही तसंच. कंपोझिटर हातातल्या स्टिकमध्ये ओळ जुळवतो, आणि स्टिकची रुंदी पक्की असते. ओळ अडीच मिलिमीटर जास्त झाली तर ती स्टिकमध्ये बसतच नाही, आणि तिला बसवल्याशिवाय पुढचा खिळा हातात घेता येत नाही. पातळ फट घालायची, शब्द तोडायचा, नाहीतर लेखकाला निरोप धाडायचा. शतकानुशतकं हे असंच चाललं. टेक मात्र असा कंपोझिटर आहे जो ओळ बाहेर पडू देतो आणि तिचा अहवाल लिहितो. त्यामागे क्नूथ यांची निष्ठा आहे: फट ठरलेल्या मर्यादेपेक्षा कधीही आवळायची नाही. ओळ कुरूप दिसेल इतकी दाबण्यापेक्षा समासात घुसलेली बरी, म्हणजे माणसाला कळेल आणि तो वाक्य बदलेल. १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची नव्या पद्धतीने जुळवलेली प्रुफं पाहून क्नूथ इतके नाराज झाले की स्वतःच जुळणीचं यंत्र लिहायला बसले. ज्या माणसाने प्रुफाच्या रागातून एवढा उद्योग केला, त्याच्या यंत्राने दुसऱ्याचं वाक्य गुपचूप दाबून टाकावं ही अपेक्षा गैर आहे. फटी वाटेल तितक्या ताणून ओळ आत ठेवायची सोय लाटेकमध्ये आहे, तिचं नावच ‘स्लॉपी’ ठेवलं आहे, आणि गबाळेपणा हा शब्द स्वतःच्या हाताने लिहूनच ती मिळते.

मराठीच्या बाबतीत ओळ बाहेर आल्याची तक्रार जास्त येते, हेही मान्य केलं पाहिजे. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘महानगरपालिकेकडूनसुद्धा’ हा एकच नग होतो. इंग्रजीत इतक्या लांबीत चार शब्द आणि तीन फटी असतात, म्हणजे ताणायला आणि आवळायला तीन जागा. मराठी ओळीत फटी कमी, आणि शब्द मध्ये तोडायची आपल्या छपाईत फारशी रीत नाही. सुरतेत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी घरांची दाट वस्ती आहे. एखादी मराठी प्रश्नपत्रिका किंवा सभेचं निमंत्रण लाटेकमध्ये जुळवायचं कुणी मनात आणलं, तर इंग्रजी प्रतीपेक्षा बरीच जास्त अडचण येते. देवनागरी टेकमध्ये आणली ती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे फ्रान्स वेल्थुइस यांनी, १९९१ मध्ये. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकने युनिकोडचा मजकूर सरळ घेण्याची सोय केली. झीटेक अख्खा मराठी शब्द एकच तुकडा म्हणून पट्टीवर ठेवतं. तेव्हा शब्दात वेलांटी नेमकी कुठे आहे हे शो-बॉक्सला विचारलं तर शब्दच्या शब्द समोर येतो आणि वेलांटी त्याच्या पोटात राहते. अक्षराची रुंदी शोधायला टंकाच्या फाइलकडे जाण्याचे कष्ट मात्र वाचतात, हे फायद्यात धरावं.

आक्षेप आता येतील, आणि ते यावेत. पहिला असा की हे सगळं कशाला, वर्ड वापरा. वर्डमध्ये ओळ बाहेर येत नाही, खरं आहे. ओळीतल्या फटी अशा फाकतात की दोन शब्दांच्या मधून रिक्षा जाईल, आणि याची नोंद कुठेच होत नाही. ज्याला दोष माहीत नको असतो त्याला वर्ड योग्य, पण दोष नसल्यामुळे तक्रार नाही आणि तक्रार नसल्यामुळे दोष नाही, या दोन गोष्टी एकच समजू नयेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टेकच्या हल्लीच्या विस्तारित रूपांत पानावरची जागा विचारायची स्वतंत्र आज्ञा आहे. ती आहे. मजकुरात एका जागी खूण ठेवली की पान बाहेर पडताना त्या खुणेची जागा पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजून एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जाते, तीही प्रकाशाच्या शतांश लहरीच्या हिशेबात. इथे दोन अडचणी आहेत. पहिली लहान: टेकचं स्वतःचं मोजणं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एक इंच आत आणि एक इंच खाली सुरू होतं आणि खाली जातं, तर ही आज्ञा खालून वर मोजते. एकाच घरात एकाचं घड्याळ उलटं. दुसरी अडचण मोठी आहे, आणि या विषयातला खरा विनोद तिच्यात आहे. जागा पान बाहेर पडताना कळते, म्हणजे त्या फेरीत ती कुठेही वापरता येत नाही, पुढच्या फेरीत वापरायची. म्हणून लॉगच्या शेवटी वाक्य येतं: खुणा बदलल्या असतील, पुन्हा चालवा. पुन्हा चालवल्यावर मजकुरात त्या जागेचा उल्लेख येतो, ‘पुढील पानावर’ किंवा ‘याच पानावर’. ‘पुढील पानावर’ लिहिलं तर अक्षरं वाढल्यामुळे परिच्छेद एका ओळीने लांबतो, ओळ पान ओलांडते आणि तक्ता त्याच पानावर येतो. मग पुढच्या फेरीत ‘याच पानावर’ होतं, शब्द आखूड होतात, ओळ मागे येते, आणि तक्ता पुन्हा पुढच्या पानावर जातो. ही कल्पना नाही, लाटेक वापरणाऱ्यांना ही अवस्था माहीत आहे. अशा मजकुराला स्थिर पत्ताच नसतो. पत्ता सांगितला की तो बदलतो. यंत्र दरवेळी प्रामाणिकपणे सांगतं की पुन्हा चालवा, आणि पुन्हा चालवलं की पुन्हा तेच सांगतं. इथे लॉग चुकत नाही आणि लेखकही चुकत नाही. पानाच्या जागेबद्दलचं वाक्य पानाच्या बाहेरून लिहिता येत नाही, एवढीच गोम आहे.

तिसरा आक्षेप सिंकटेकचा. झेरोम लॉरेन्स यांनी २००८ च्या सुमारास ही सोय टेकमध्ये बसवली: पीडीएफवर एका शब्दावर टिचकी मारली की मूळ फाइलची ओळ उघडते, आणि उलटही. तागा कापल्यानंतर साडीच्या काठावर मागाची खूण सापडावी तसं ते आहे, आणि खरोखर उपयोगी आहे. पण सिंकटेक चौकटींच्या हिशेबात चालतं. जो मजकूर आज्ञांमधून तयार होतो, म्हणजे पानाच्या माथ्यावरची नावं, अनुक्रमणिका, त्याच्यावर टिचकी मारली की आपण लिहिलेल्या ओळीऐवजी भलतीकडे, कधी यंत्राने स्वतः लिहिलेल्या फाइलवर, पोचवलं जातं. आणि मुख्य म्हणजे सिंकटेकला दोष कुठला ते माहीत नाही. ते जागेचं नातं सांगतं. दोष शोधणारा आपला आपण लागतो.

तेव्हा निवाडा असा. लॉगला ‘काय’ आणि ‘किती’ विचारावं. त्या दोन बाबतींत त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार मिळणार नाही. ०.१ पॉइंटाच्या खालची चूक तो स्वतःच क्षमा करतो. तो आकडा मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतका आहे, केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा, तेव्हा क्षमेचा मोठेपणा फार मानू नये. ‘कुठे’ मात्र त्याला विचारू नये, कारण तो बोलतो तेव्हा पान नसतं, आणि पान होतं तेव्हा तो दुसऱ्या कामात असतो. ‘कुठे’साठी क्नूथ यांनी फार आधी एक उपाय ठेवला आहे: बाहेर आलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पाच पॉइंट रुंदीचा काळा ठोकळा छापायचा. लाटेकमध्ये ‘ड्राफ्ट’ हा एक शब्द सुरुवातीला लिहिला की ते ठोकळे दिसू लागतात. पानं चाळायची, काळं दिसलं की थांबायचं. प्रकाशाच्या लहरी मोजणाऱ्या यंत्राने शेवटी शाई ओतून खूण करावी, हे कुणाला कमीपणाचं वाटेल. मला ते सगळ्यात समंजस वाटतं. फक्त एक लक्षात ठेवावं: त्याच शब्दाने चित्रंही नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी फाइलच्या नावाच्या रिकाम्या चौकटी येतात, म्हणून नुसता ठोकळ्याचा आकडा लिहिला तर बरं. आणि प्रबंध परीक्षकाकडे धाडण्याआधी तो आकडा परत शून्य करावा. शून्य केल्यावर ठोकळे जातात, ओळी जिथे बाहेर आलेल्या असतील तिथे बाहेरच राहतात, आणि त्यांचं वाक्य तुम्हालाच बदलावं लागतं.